पानफुटीची हकीकत

आमच्या लातूरच्या घराच्या ओसरीवर एक अर्धा रांजण आहे. त्याची वरची कड वेडीवाकडी फुटलेली आहे. ती कशी फुटली ते पुढे सांगेन. खालच्या अर्ध्यात मुरूममाती भरून तिच्यात पानफुटी लावलेली आहे. वर्षाचे आठ-नऊ महिने या झाडाकडे कोणी वळूनही पाहत नाही. जाड, मांसल, करवतकाठी पाने आणि गाठीगाठींचा दांडा, एवढाच त्याचा थाट. पण थंडी अंगात मुरली, की झाडाच्या माथ्यातून एक उंच दांडा निघतो आणि त्याला खाली माना घातलेल्या घंटा लोंबू लागतात. बाहेरचा डगला फुगीर, कागदासारखा, फिकट हिरवा आणि वर तांबूस झाक असलेला. आतून लाल पाकळ्यांची टोके जेमतेम डोकावणारी. दिवाळीचे आकाशकंदील कोणी बोटभर करून टांगावेत तशी ती फुले दिसतात. शेजारची पोरे ती चिमटीत धरून फट्‌कन फोडतात आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काठी आपटतात. हा आमच्याकडचा दर वर्षीचा कार्यक्रम.

राजेरजवाड्यांच्या बखरी पुष्कळ झाल्या. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनी या वर्षी एका कुंडीतल्या झाडाची बखर ऐकावी, अशी माझी विनंती आहे. मी कादंबऱ्या लिहिणारी बाई. तेव्हा पुढे येणारी एकदोन माणसे मी मनाने रचली असावीत, असा संशय वाचकांना येईल. पण ती माणसे खरी आहेत, आणि मला रचता आली असती त्याहून चांगली आहेत.

माझे माहेर नांदेडचे. जुन्या नांदेडात, गोदावरीच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर होते. माझ्या लहानपणी शाळेतल्या प्रत्येक मुलीच्या वहीत दोन गोष्टी हमखास सापडत: एक मोराचे पीस आणि दुसरे पानफुटीचे पान. पिसाला पिल्लू होते असे आम्ही मानत असू. ते कधी झाले नाही. पानाला मात्र खरोखरच पिल्ले होत. वहीत चेपलेल्या त्या पानाच्या काठावर, दर खाचेत एकेक हिरवा ठिपका उमटे. मग त्याला दोन चिमुकली पाने फुटत आणि खाली केसासारखी मुळे सुटत. माती नाही, पाणी नाही, ऊन नाही. गणिताच्या वहीत बाळंतपण!

आजोबांना हे दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हे जख्मे-हयात." आजोबांचे सारे शिक्षण निजामाच्या अमलात, उर्दूतून झालेले. १९४८ च्या १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात आले आणि पुढे मराठी शाळा वाढल्या. पण आजोबांचा हिशेब, शिव्या आणि औषधांची नावे शेवटपर्यंत उर्दूतच राहिली. जख्म म्हणजे घाव आणि हयात म्हणजे आयुष्य, हे त्यांनी मला समजावले. पान गरम करून घावावर बांधायची रीत सगळीकडेच होती. आमच्या मराठीत याच झाडाला घायमारी म्हणतात ते त्यामुळेच. पण त्या उर्दू नावात मला वेगळाच अर्थ दिसे. पान तोडले, म्हणजे झाडाला घाव घातला, की त्या घावातूनच नवे आयुष्य सुरू होते. नाव ठेवणाऱ्या हकिमाच्या मनात काय होते कोण जाणे. मी आपला माझा अर्थ धरून बसले आहे.

इतके घरचे, इतके तोंडातले हे झाड. पण मुळात आपल्याकडचे नव्हेच. त्याचे मूळ घर आफ्रिकेच्या कडेचे मादागास्कर बेट. लामार्क नावाच्या फ्रेंच पंडिताने १७८६ मध्ये त्याला शास्त्राच्या पुस्तकात पहिल्यांदा नाव दिले. १८०५ मध्ये सॅलिस्बरी या इंग्रजाने 'ब्रायोफायलम' असे दुसरे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पानातून फुटणारे. म्हणजे ग्रीकात जे झाले तेच आमच्या बायाबापड्यांनी कोशावाचून मराठीत केले. पानफुटी!

हिंदुस्थानात ते आल्याची नोंद मोठी राजेशाही आहे. १७९९ साली लेडी क्लाइव्हने मोलुक्का बेटांवरून, म्हणजे लवंगा-जायफळांच्या बेटांवरून, कलकत्त्याच्या कंपनी सरकारच्या बागेत ते आणवले. ही बाई म्हणजे प्लासीच्या क्लाइव्हची सून, हेन्रिएटा. तिचा नवरा तेव्हा मद्रासचा गव्हर्नर होता. झाडे, शिंपले, दगड जमवण्याचा तिला नाद. ज्या वर्षी श्रीरंगपट्टणाला टिपू सुलतान पडला, त्याच वर्षाची ही गोष्ट. आमच्या शाळेच्या पुस्तकात १७९९ समोर टिपूचे नाव असते आणि ते योग्यच आहे. पण त्या लढाईची तोफ आज नांदेडात कोणाच्या अंगणात नाही. पानफुटी मात्र दर चौथ्या अंगणात आहे. ती कलकत्त्याहून इथवर यायला तिला गाडी लागली नाही की दस्तक लागले नाही. पदराच्या गाठीला एक पान बांधले की झाले. लग्न होऊन मी नांदेडहून लातुरात आले तेव्हा माझ्याही ट्रंकेत, एका कादंबरीच्या पानांत, हे पान होते. ते मात्र रुजले नाही; वाटेत कुजले. लातूरच्या घरात पानफुटी आधीपासूनच होती.

आता मुख्य माणूस. त्याचे नाव बेंजामिन हाइने. जातीचा जर्मन, मोरेव्हियन पंथाचा. १७९२ मध्ये तरंगंबाडीला उतरला. वैद्यकी जाणणारा आणि झाडांचा वेडा. रॉक्सबर्ग कलकत्त्याच्या बागेवर गेल्यानंतर मद्रास इलाख्यातले कंपनीचे वनस्पतीचे काम याच्याकडे आले. टिपूच्या पाडावानंतर बंगळूरची लालबाग कंपनीच्या हाती लागली, तिचीही देखरेख त्याने केली. म्हैसूर मुलखाच्या मॅकेन्झीच्या पाहणीत तो होता. हैदराबादपर्यंत त्याने प्रवास केला आणि त्या सगळ्याचे पुस्तक लिहिले. १८१९ मध्ये मद्रासेलाच तो वारला.

या हाइनेने १८१३ साली लंडनहून लँबर्ट या गृहस्थाला एक पत्र लिहिले. १८१५ साली ते लिनियन सोसायटीच्या अंकात छापले गेले. पत्र अवघे दोन-तीन पानांचे. त्यात त्याने कळवले, की भारतात असताना आपण या झाडाचे पान चाखून पाहिले. पहाटे ते चुक्यासारखे आंबट लागते. दिवस चढत जातो तसा आंबटपणा उतरतो. दुपारी पान अगदी बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडसर.

एवढेच. पण वाचकहो, या एवढ्याशा गोष्टीमागचा माणूस डोळ्यांसमोर आणून पाहा. पान एकदा चाखणारी माणसे हजार मिळतील. आमच्याकडे शेळ्यासुद्धा चाखतात. पण सकाळी चाखलेले पान दुपारी पुन्हा चाखावे, संध्याकाळी तिसऱ्यांदा चाखावे, आणि 'हे एकच झाड दिवसातून तीनदा चव का बदलते' असे स्वतःला विचारावे, हे करणारा एखादाच. त्याच्यापाशी यंत्र नव्हते, काचेची नळी नव्हती. होती ती जीभ. आमच्या शाळेत प्रयोगशाळेचे कुलूप किल्लीअभावी बंद असते, तेव्हा मी मुलांना हाइनेची गोष्ट सांगते.

त्या तीन चवींचा उलगडा व्हायला पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे गेली. मी स्वतः मॅट्रिकपुढे शिकले नाही. शेजारच्या महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिकाबाईंनी मला तो दोन संध्याकाळी बसून शिकवला. मला समजले तसे सांगते. पानांच्या अंगाला बारीक तोंडे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. सर्वसाधारण झाड ती दिवसा उघडते, हवेतला कर्बवायू आत घेते आणि उन्हाच्या जोरावर आपले अन्न शिजवते. पण तोंड उघडे ठेवले की आतले पाणीही उडून जाते. चैत्र-वैशाखातल्या लातूरच्या उन्हात किती उडत असेल ते सांगायला नको. पानफुटी तसे करीत नाही. दिवसभर ती तोंडे गच्च मिटून बसते. रात्री, हवा निवाली म्हणजे, ती उघडते, कर्बवायू आत ओढते आणि त्याचे आम्ल करून पानात साठवून ठेवते. पहाटेपर्यंत कोठी भरते. म्हणून पहाटेचे पान आंबट. उजाडले की दारे बंद करून, साठवलेल्या त्या शिध्यावर उन्हात तिचा स्वयंपाक चालतो. दुपारपर्यंत आम्ल संपते आणि पान बेचव होते. या साऱ्या रीतीला शास्त्रज्ञांनी नाव दिले ते १९४० च्या दशकात, आणि तेही पानफुटीच्या कुळावरून.

ते आम्ल मुख्यत्वे मॅलिक आम्ल. हे नाव ऐकून मी घाबरले होते. पण ही तर आमच्या ओळखीची वस्तू निघाली. हरभऱ्याच्या पिकावर पहाटे दहिवराबरोबर जी आंब उतरते, पातळ धडपे फिरवून जी बाया पिळून घेतात आणि पोटदुखीला देतात, तिच्यातही मुख्य आम्ल हेच. हरभऱ्याची तऱ्हा निराळी आहे. तो आंब पानावरच्या लवेतून बाहेर टाकतो, पानफुटी ती आत कोंडून ठेवते. पण पहाटे शेतात जाऊन आंब गोळा करणाऱ्या आमच्या बायांना हाइने भेटला असता, तर त्यांनी त्याला वेड्यात काढले नसते, हे नक्की.

याच सुमारास तिकडे जर्मनीत दुसरा एक माणूस या झाडाच्या नादी लागला होता. तो महाकवी गटे. झाडाचे सगळे अवयव म्हणजे मुळात पानाचीच निरनिराळी रूपे, असे पुस्तक त्याने १७९० मध्येच लिहून ठेवले होते. उतारवयात त्याच्या हाती पानफुटी आली आणि आपलीच गोष्ट झाडाने खरी करून दाखवली असे त्याला वाटले असावे. घरात कुंड्या मांडून त्याने ती वाढवली, स्नेह्यांना पाने पाठवली, कशी रुजवायची ते कळवले, तिच्यावर कविताही केली. जर्मनीत अजून तिला गटेचे झाड म्हणतात. आपल्याला गटे ठाऊक आहे तो शाकुंतलामुळे. १७९१ मध्ये फोर्स्टरचे जर्मन भाषांतर वाचून तो वेडावून गेला होता. झाडांना पाणी घातल्याखेरीज स्वतः पाण्याचा घोट न घेणारी शकुंतला त्याने वाचली होती. पुढे त्याच्या खिडकीत आले ते झाड असे, की जे पाण्यावाचूनच राहते. त्याला हा योग कधी जाणवला की नाही? मला मात्र तो १९९३ आणि २०१६ या दोन सालांनी जाणवून दिला, आणि म्हणून तर ही हकीकत लिहायला घेतली.

आमच्या आत्याबाईंचे गाव किल्लारीच्या परिसरातले. घर जुन्या पद्धतीचे: दोन-अडीच हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यांवर मातीचे जाड माळवद. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी पांढरी माती पसरायची, म्हणजे घर गळत नाही आणि उन्हाळ्यात गार राहते. ते गार घरच पुढे वैरी झाले. देवडीत पिण्याच्या पाण्याचा मोठा रांजण होता, आणि रांजणापाशी पाझरणाऱ्या ओलाव्याला आत्याबाईंच्या धाकट्या जावेने पानफुटी लावली होती. ती जाऊ निलंग्याकडची. माहेराहून पान घेऊन आलेली. थंडीत घंटा आल्या, की ती एकेक घंटा तोडून आपल्या दोन लेकींच्या कानांत डूल म्हणून अडकवी.

१९९३ च्या २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली. ३० तारखेला पहाटे चार वाजण्याच्या सुमारास धरणी हलली. मी तेव्हा तेरा वर्षांची, नांदेडात. आमच्या फळीवरची भांडी खणखणली आणि आम्ही सगळी रस्त्यावर आलो. उजाडल्यावर रेडिओने सांगितले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली (उस्मानाबादला आता धाराशिव म्हणतात) कितीतरी गावे त्या पहाटे भुईसपाट झाली आणि हजारो माणसे गेली. आत्याबाई, सासरे आणि आमच्या घरचे हे त्या रात्री शेतातल्या कोठ्यावर होते, म्हणून वाचले. जाऊ आणि तिच्या दोन्ही लेकी माळवदाखाली राहिल्या.

त्या पहाटेविषयी आत्याबाई कधी बोलत नाहीत. एवढेच एकदा बोलल्या, की पंधरा-वीस दिवसांनी भांडी काढायला म्हणून त्या ढिगाऱ्यावर गेल्या. पाऊस पडून गेला होता. रांजण वरून फुटून खालचा अर्धा उरला होता, आणि त्याच्या शेजारी मातीत चेपलेल्या पानांतून पानफुटी उगवली होती. एका पानाला सात-आठ कोंब. त्यांनी भांडी तिथेच ठेवली आणि रांजणाचा तो अर्धा डोक्यावर घेऊन आल्या. पुढे ते घर लातुरात आले, रांजणही आला. आमच्या ओसरीवरचा अर्धा रांजण तो हा.

बीपासून झालेले झाड म्हणजे लेकरू. त्यात आईचे थोडे आणि बापाचे थोडे. पण पानापासून झालेली पानफुटी लेकरू नव्हे; ते तेच झाड, पुढे चालू राहिलेले. प्राध्यापिकाबाईंनी हे सांगितले तेव्हा मी घरी येऊन आत्याबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "मला काय सांगलालीस? मला ठाव हाय की." आणि तांदूळ निवडू लागल्या.

त्यानंतर आले २०१६. त्या सालच्या लातूरविषयी वर्तमानपत्रांतून इतके छापून आले, की मी काय नवे सांगणार? मांजरा धरण कोरडे पडले. नळ बंद झाले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून कलम १४४ लावावे लागले. हंड्यासाठी जमावबंदी लागलेले आमचे गाव! १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या. लोकांनी गाडीला हार घातले. कृष्णेकाठचे पाणी साडेतीनशे किलोमीटर रुळांवरून आमच्या घशात आले, हे उपकार आम्ही विसरणार नाही.

घरात पाण्याला पाळी लागली. भाजी धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे फरशीला, फरशीचे संडासात. या वाटेत झाडे कुठेच बसत नव्हती. शकुंतलेला टँकरचा नंबर लावावा लागला नव्हता! आमचा मोगरा पहिल्या महिन्यात गेला, गुलाब त्याच्यामागे. जास्वंदीने कसाबसा मे गाठला. तुळशीला पूजेतले एक फुलपात्र मिळे. पानफुटीला काही म्हणजे काही नाही. तिची खालची पाने सुकून गळाली, वरची बारीक झाली, काठ लाल पडले. पण दांडा उभा राहिला. आत्याबाई रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसत. एकदा मी माझ्या पेल्यातले उरलेले पाणी रांजणात ओतायला गेले तर त्यांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. ती रातीला पितीय." मी हसले. हाइनेचे नावही तेव्हा मी ऐकले नव्हते.

त्या वर्षी भाद्रपद-आश्विनात पाऊस असा आला की मांजरा तुडुंब भरले. नळाला पाणी आले. त्या दिवशी मी एखाद्या अपराध्यासारखी पानफुटीकडे गेले आणि तिला तांब्याभर पाणी घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. सहा महिन्यांची तहान मला एका महिन्यात भागवायची होती. रांजणाच्या बुडाला जे भोक होते ते मातीने केव्हाच बुजलेले. वरून झाड टवटवीत दिसे. आत मुळे कुजत होती. दिवाळीच्या आधी आठ दिवस दांडा मऊ पडला आणि हात लावताच आडवा झाला.

आत्याबाई रागावल्या नाहीत. त्यांनी दांडा उचलून नाकाशी नेला, कुजका वास घेतला आणि विचारले, "एवढं पाणी कशाला पाजलीस गं माय? तिनं मागितलं व्हतं का?" भूकंपातून उभे राहिलेले आणि दुष्काळातून तगलेले झाड मी सुकाळात मारले होते. ज्या बाईने ते लावले तिला मी पाहिलेलेही नव्हते. ओसरीवर उभी राहून मी लहान मुलीसारखी रडले.

मग आत्याबाईंनीच शेंड्याची दोन निरोगी पाने खुडली. रांजण पालथा करून काळी माती फेकून दिली, भोक सळईने मोकळे केले आणि त्यावर खापरी ठेवली. आमची काळी माती कापसाला लक्ष्मी, पण या झाडाला वैरीण. ती पाणी धरून बसते. म्हणून दोन वाटे मुरूम आणि विटांचा चुरा, एक वाटा गोदावरीची वाळू आणि ओंजळभर जुने शेणखत, असे मिश्रण केले. पाने मातीत खुपसली नाहीत. नुसती वर निजवली आणि उडून जाऊ नयेत म्हणून एकेक खडा ठेवला. पाणी नाही, सकाळी हाताने शिंतोडा. महिन्याच्या आत खाचाखाचांतून कोंब आले.

तेव्हापासून मी शिकले ते असे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहते. आत कोरडे लागले तरच पाणी. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पुरते, थंडीत त्याहून कमी, आणि पावसाळ्यात रांजण वळचणीच्या आत घेते. खाली ताटली ठेवीत नाही. सकाळचे तीन-चार तास ऊन हवे, नाहीतर दांडा लांबट होऊन लवतो. खिडकीशी ठेवली तर घरातही ती सुखाने राहते. पिठ्या ढेकूण पडला तर ओल्या फडक्याने पुसून काढते. फुले संपली की दांडा कापते. आणि एक गंमत: मध्ये दोन वर्षे तिला घंटाच आल्या नाहीत. ओसरीवर आम्ही रात्रभर जळणारा दिवा लावला होता, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. थंडीच्या लांब, काळोख्या रात्री मोजून हे झाड फुलते. आम्ही तिची रात्रच हिरावून घेतली होती. दिवा काढला आणि त्या माघात घंटा आल्या.

एक इशारा देणे मला जरूर वाटते. मुतखड्यावर पहाटे पान चावून खाणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणि पाषाणभेद म्हणून विकणारेही आहेत. पाषाणभेद या नावाखाली अनेक झाडे खपतात. ग्रंथातला मुख्य पाषाणभेद म्हणून ओळखला जातो तो हिमालयातला, निराळाच. ऑस्ट्रेलियात पानफुटीच्या कुळातली झाडे खाऊन गुरे दगावली आहेत. हृदयावर परिणाम करणारे विष त्यांत असते आणि फुलांत ते अधिक असते. तेव्हा हाइनेने चाखले म्हणून कोणी मूठभर खाऊ नये, आणि शेळ्या-करडांना कुंडीपासून दूर ठेवावे.

शाळेत मी मुलांना चाखू देत नाही. आम्ही जास्वंदीचे फूल कागदावर घासून जांभळट कागद करतो. एक मुलगा पहाटे घरच्या पानफुटीचे पान आणतो, एक संध्याकाळी शाळा सुटताना खुडतो. पहाटेच्या रसाचा थेंब कागदावर लाल पडतो. संध्याकाळचा तसा पडत नाही. गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने मला विचारले, "बाई, मग ते पान सगळ्यात आंबट कधी असतं?" मी म्हणाले, उजाडायच्या जरा आधी. "म्हणजे आपण दिवाळीत उटणं लावून आंघोळ करतो तेव्हा?"

हिशेब बरोबर होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी लवकर उठले. न्हाणीतले पाणी तापत होते. ओसरीवर पाहते तो आत्याबाई आधीच येऊन बसलेल्या. आकाशकंदील त्यांनी रांजणापासून दूर, पलीकडच्या खांबाला बांधायला लावला होता. अंधारात त्यांनी चाचपून एक पान धरले, नखाने त्याचा काठ मोडला, जिभेच्या टोकाला लावला आणि तोंड वेडेवाकडे केले.

"चुका गं," त्या म्हणाल्या, आणि मोडलेला तो काठ रांजणात मातीवर निजवून आंघोळीला गेल्या.